काचेच्या अलीकडची खुर्ची

गुरुवार, १ फेब्रुवारी

संचालक होऊन महिना होतो न होतो तोच विश्वस्तांनी मला शिकवणीला घातलं. नव्यानं एखादी संस्था गळ्यात पडलेल्या माणसांचा एक गट आहे, एक गुरुवार सोडून एक भेटतो. तिथं जायचं. बायको म्हणाली, "चाळिशी उलटल्यावर दप्तर! डबा देऊ का भरून?"

जागा म्हणजे सार्वजनिक पोहण्याच्या तलावावरची खोली. क्लोरीनचा वास, घामेजलेल्या काचा, खालून शिट्ट्या. प्लास्टिकच्या खुर्च्या अंगाला चिकटतात. आम्ही चौघं. एक वकील, गरिबांचे खटले फुकट लढवणाऱ्या संस्थेचा नवा प्रमुख. एक सायकलवाला, हा मोडक्या सायकली नीट करून शाळेत चालत जाणाऱ्या मुलींना देतो. एक खानावळवाली, ही इस्पितळाशेजारी रुग्णांच्या नातेवाइकांना जेवू घालते. आणि मी. अंधांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणाऱ्या संस्थेचा काल-परवापर्यंतचा रेकॉर्डिस्ट.

शिकवणाऱ्या बाईंनी जन्मभर भटक्या कुत्र्यामांजरांचा निवारा चालवला. मनगटावर चाव्याचा वण आहे. सगळे त्यांना कोचबाई म्हणतात. त्या काहीही शिकवत नाहीत हे मला पहिल्या दिवशीच कळलं. त्यांचे नियम दोनच. कोणी कोणाला सल्ला द्यायचा नाही, फक्त प्रश्न विचारायचे. सल्ला दिला तर शेवटी सगळ्यांचे चहाचे कप धुवायचे. आणि ज्याची अडचण, त्यानं ती सांगून, प्रश्नांना उत्तरं देऊन झाली की खुर्ची फिरवून पाठ करून गप्प बसायचं. मग बाकीच्यांनी तो खोलीत नाहीच असं समजून त्याच्याविषयी बोलायचं. वकिलानं आज सायकलवाल्याला सल्ल्यांनी पार झोडपून काढलं. कपही त्यानंच धुतले, काळ्या कोटाच्या बाह्या वर सारून.

मला कोचबाईंनी एकच विचारलं, "तू बसतोस कुठं?"

"म्हणजे?"

"संस्थेत. कुठल्या खुर्चीत बसतोस?"

म्हटलं, माझ्या जुन्याच जागी, स्टुडिओच्या काचेअलीकडं, यंत्रासमोर. संस्था काढणाऱ्या माईंनी संचालकपद सोडल्यापासून त्यांची खोली रिकामीच आहे. तिथं सध्या दाराला लावायची जाड घोंगडी ठेवली आहेत.

"बरं," म्हणाल्या. झालं. एवढं ऐकायला मी दोन बस बदलून गेलो होतो.

सोमवार, ५ फेब्रुवारी

आज एक फोन आला. फिजिओथेरपी शिकणारा आपला एक अंध विद्यार्थी, फार गोड मुलगा; त्याच्या अभ्यासाचं पुस्तक सध्या माई वाचतायत. म्हणाला, "सर, माईंच्या चौथ्या प्रकरणात गुडघा उलटा वाकतोय."

मी तपासलं. मधलं अख्खं वाक्य निसटलंय. तिसऱ्या प्रकरणात तशीच दोन. आणि आवाज. माईंचा तो आवाज, ज्याच्यासाठी लोक घरातली कामं बाजूला ठेवून ऐकायला बसायचे, तो आता ओळीच्या शेवटाला थरथरतो.

मुलाला म्हटलं, तांत्रिक अडचण आहे. दुसरं काय सांगणार? ही संस्था माईंनी आपल्या घरातल्या कपाटात सुरू केली. खरोखरच्या कपाटात, कपडे बाजूला सारून, कारण तिथं रस्त्याचा आवाज येत नसे. मी एकोणिसाव्या वर्षी त्यांचा पंखा दुरुस्त करायला गेलो होतो. पंखा फिरताना कुरकुरतो हे मला दारातूनच ऐकू आलं, म्हणून त्यांनी मला ठेवूनच घेतलं. मला जे येतं ते त्यांच्यामुळं येतं. आता त्यांनी पद सोडलंय, वाचन सोडलेलं नाही, आणि रोज सकाळी त्या नेमानं येऊन स्टुडिओत बसतात.

तर मी एक युक्ती काढली आहे. शहरातल्या बसगाड्यांत थांब्यांची नावं जिच्या आवाजात ऐकू येतात, ती मुलगी आपल्याकडं वाचायला यायला तयार आहे. माई दुपारी घरी गेल्या की ती येईल आणि तीच प्रकरणं पुन्हा वाचेल. श्रोत्यांकडं तिचं जाईल. माईंचं राहील आपल्याकडं. कोणाचंच मन दुखणार नाही. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "आणि हे किती दिवस चालवायचं ठरवलंयस?" सगळ्या गोष्टींत हिला खोट काढायची सवय आहे.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

कोचबाईंबद्दल मी जे लिहिलं ते मागं घेतो.

आज खानावळवालीची पाळी होती. तिच्या संस्थेत मुख्य स्वयंपाकीण आहे तिची थोरली जाऊ. जाऊ उशिरा येते, बाकीच्या बायकांवर तोंडसुख घेते, आणि हिची तिला बोलायची छाती होत नाही. हसत हसत सांगत होती, हातवारे करून, आम्हीही हसत होतो. मग तिनं खुर्ची फिरवली. आम्ही बोलू लागलो, ती नाही असं समजून. सायकलवाला म्हणाला, "मला वाटतं तिला जावेची भीती नाही वाटत. जाऊ गेली तर घरात आपण एकटे पडू, याची वाटते." तिची पाठ हलायला लागली. कोणीही उठलं नाही, कोणी पाणीही दिलं नाही. कोचबाईंनी नुसता हात वर करून आम्हाला थांबवलं, आणि आम्ही बसून राहिलो. खाली कोणीतरी पाण्यात उडी मारली.

निघताना मी कोचबाईंना विचारलं, खुर्ची का फिरवायला लावता? म्हणाल्या, "समोर बसलं की माणूस उत्तर शोधत बसतो. पाठ केली की ऐकतो. आणि रडायचं झालं तर तोंड लपवायला नको." एवढं साधं. मी आयुष्यभर ऐकण्याचंच काम केलंय, आणि मला हे कधी सुचलं नाही. आत काय चाललंय हे ओळखूनही ही बाई हात आखडून बसू शकते, याचं मला फार नवल वाटतं. माझा हात लगेच बटणाकडं जातो.

वकिलानं आज एकच सल्ला दिला. सुधारणा आहे.

बुधवार, २१ फेब्रुवारी

थोडक्यात बचावलो. माई स्टुडिओत शिरल्या, बसल्या, पुन्हा उठल्या.

"ही खुर्ची कोणी उंच केली?"

बसवाली मुलगी बुटकी आहे. रोज संध्याकाळी खुर्ची खाली करायची मी तिला बजावलं होतं, काल ती विसरली. "सुतार आला होता, माई," मी म्हटलं. "त्यानं बसून बघितली असणार."

"बुटका दिसतोय तुझा सुतार."

मग वाचायला बसल्या. यंत्र सुरू केलं की माझं काम संपतं, म्हणून मी हेडफोन काढून बाजूला ठेवतो. संचालकाला फोन असतात, पत्रं असतात. आणि खरं सांगायचं तर ऐकवत नाही. काचेतून नुसते ओठ हलताना दिसतात, ते बरं वाटतं. अजून जुन्या माईच दिसतात. पान उलटताना त्यांची नजर अधूनमधून माझ्याकडं जाते, मी मान डोलावतो.

बाहेर आल्यावर विचारलं, "सातवं प्रकरण ऐकलंस का रे? कालचं?"

"ऐकलं की. छान झालंय."

"छान?"

"फारच छान."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग "बरं" म्हणून पिशवी उचलली. वय झालं की माणूस कौतुकाला आसुसतं. मी ठरवलंय, यापुढं जरा सढळ कौतुक करायचं.

शुक्रवार, १ मार्च

धाबं दणाणलंय. विश्वस्तांच्या बैठकीत माईंनी जाहीर केलं की हे पुस्तक संपलं की एक एप्रिलपासून त्या शरीरशास्त्राचा मोठा ग्रंथ वाचायला घेणार. तो म्हणजे नुसता उचलायचा तरी दोन हात लागतात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

तो ग्रंथ दोनदा वाचून घेणं केवळ अशक्य आहे. बसवाली दिवसभर राबली तरी नाही. आणि त्याच्यावर मुलांची परीक्षा आहे. एक वाक्य निसटलं तर उद्या कोणाचा तरी गुडघा खराच उलटा वाकायचा. म्हणजे एक एप्रिलच्या आत कोणीतरी माईंना सांगायला हवं. विश्वस्तांपैकी कोणी सांगेल का, म्हणून एकेकाला चाचपून बघितलं. सगळे म्हणाले, "आता संचालक तुम्ही."

मंगळवार, १२ मार्च

माई आज बसायची उशी घरी घेऊन गेल्या, धुवायला असेल. घशाच्या गोळ्यांचा नवा डबा मात्र माईकपाशीच विसरल्या, सीलही न फोडलेला. धावत जाऊन दिला तर म्हणाल्या, "राहू दे तिथंच. घसा काय माझ्या एकटीलाच असतो?" काय म्हणायचं होतं कोण जाणे.

"नववं ऐकलंस?"

"सातव्यापेक्षा सरस, माई!"

त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. बघा, कौतुकानं माणूस कसं खुलतं.

गुरुवार, १४ मार्च

आज माझी पाळी होती. घरून ठरवून निघालो होतो की माईंचं मांडायचं. तोंड उघडलं आणि स्टुडिओच्या गळक्या छपराचं बोललो. छप्पर गळतं हे खरंच आहे. मी खुर्ची फिरवली, आणि तिघं बिचारे माझ्या पाठीमागं अगदी मन लावून छपरावर बोलत राहिले. सायकलवाल्यानं तर ताडपत्रीचा सल्ला दिला आणि कप धुतले. मला त्यांच्यापुढं इतकी शरम वाटली की मीही धुवायला उभा राहिलो.

कोचबाई जिन्यापर्यंत आल्या. "छप्पर छान मांडलंस," म्हणाल्या. "पुढच्या वेळी घर मांड."

गुरुवार, २८ मार्च

मांडलं. सगळं. उलटा गुडघा, बसवाली, बुटका सुतार, टाळ्या, एक एप्रिल. सायकलवाला सुताराला हसला आणि मग कोणीच हसलं नाही. प्रश्न सुरू झाले. जसे विचारले तसे लिहून ठेवतो.

खानावळवाली: "तू त्यांचं वाचन पूर्ण असं शेवटचं कधी ऐकलंस?"

"चौथं प्रकरण. तक्रार आली तेव्हा."

"मग सातवं छान झालं असं कशावरून म्हणालास?"

"छान म्हणायचं असतं म्हणून."

सायकलवाला: "त्या नेमकं सातव्याबद्दलच का विचारत होत्या?"

"सगळ्यांबद्दलच विचारतात. सातवं, नववं, अकरावं."

"आठव्याचं विचारलं?"

मी आठवून बघितलं. आठव्याचं नव्हतं विचारलं. दहाव्याचंही नाही.

मग वकील. "हे बघ, तू सरळ..." म्हणाला आणि त्याची नजर कपांवर गेली. तो थांबला. चांगला वेळ थांबला. दोन महिन्यांपूर्वी याच माणसाला श्वास घ्यायलाही सवड नसायची. मग त्यानं जे विचारलं ते आमच्यातल्या कोणालाच सुचलं नसतं. "तू रेकॉर्डिस्ट असताना माईंची चूक झाली की काय करायचास?"

"बटण दाबायचो. बटण दाबलं की माझा आवाज त्यांना आत ऐकू जातो. 'माई, पुन्हा' म्हणायचो."

"त्या चिडायच्या?"

"छे! मी चुकून एखादी चूक सोडली तर चिडायच्या."

खुर्ची फिरवली. समोर घामेजलेली काच, तीतून खालचं हिरवं पाणी. मागं तिघं बोलत होती. ते सगळं काही लिहीत नाही. एकच लिहितो. खानावळवाली अगदी हळू म्हणाली, "आपल्याला वाटतं तो माईंना जपतोय. मला वाटतं, त्या तिकडं एकट्याच वाचत बसल्यात."

माझीही पाठ हलली असणार. पाणी कोणी दिलं नाही.

शुक्रवार, २९ मार्च

सकाळी सगळ्यांच्या आधी गेलो. हेडफोन लावले. सातवं प्रकरण लावलं.

अर्ध्यावर एक वाक्य चालू होतं, मांडीच्या स्नायूबद्दल. माई मध्येच थांबल्या. मग पुस्तकाचा नसलेला, जेवायला बसल्यावर बोलतात तो आवाज:

"हे पुस्तकातलं नाही. अरे, ऐकतोयस का? तुझे हेडफोन टेबलावर आहेत, मला इथून दिसतात. नंतर तरी ऐकशील म्हणून बोलते. दुपारी माझ्या जागी कोणी बसतं ते मला ठाऊक आहे, पुस्तकातली खूण रोज हललेली असते. बसू दे. मला आता दोन ओळी एकीत एक गेलेल्या दिसतात. आवाजाचं तू सांगायला नको, कान शाबूत आहेत माझे. रोज ठरवून येते की आज उठायचं. माझ्यानं उठवत नाही रे. तू सांग. तू सांगितलंस की उठेन." एक श्वास. "परिच्छेद दुसरा." आणि पुन्हा स्नायू.

नवव्यात: "सातवं छान झालं म्हणालास. मोठा ग्रंथ वाचणार असं मी मुद्दामच जाहीर केलंय. म्हटलं, आता तरी हा घाबरून बोलेल. टाळ्या काय वाजवतोस!"

अकराव्यात फक्त एवढंच: "नाहीच ना ऐकलंस."

मी हेडफोन काढले नाहीत. कानात मागचा रिकामा आवाज चालू होता, आणि त्यात माई श्वास घेताना ऐकू येत होत्या.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. म्हटलं आता टोमणा मारेल. तिनं ताट वाढलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. तिच्यापुढं मला खोटं बोलता येत नाही, हे माझं केवढं नशीब आहे.

सोमवार, १ एप्रिल

माई वेळेवर आल्या. ग्रंथ मी आधीच आत ठेवला होता. त्या बसल्या, चष्मा पुसला, पहिलं पान उघडलं. मग काचेतून माझ्याकडं बघितलं.

माझ्या कानांवर हेडफोन होते.

त्यांनी वाचायला सुरुवात केली नाही. पानावर हात ठेवून नुसत्या माझ्याकडं बघत राहिल्या. मी बटणावर बोट ठेवलं. हजारदा दाबलंय ते बटण, आज दगडाचं झालं होतं. दाबलं. माईंनी घाई केली नाही. सगळं ऐकायला येईल इतकी शांतता त्या खोलीत असते, आणि ती त्यांनी मला पुरेशी दिली.

"माई," मी म्हटलं, "आता पुरे."

त्यांनी डोळे मिटले. खांदे खाली आले. मला वाटलं, मी माझ्या हातानं यांचा जीव काढून घेतला. मग त्यांनी माईकमधून विचारलं, "कितव्यात ऐकलंस?"

"सातव्यात. पण शुक्रवारी."

"उशीर केलास." आणि जरा थांबून, "तरी केलंस हो."

मी आत गेलो. इतकी वर्षं तिथं काम केलं, पण माई वाचायला बसलेल्या असताना काचेपलीकडं कधी गेलो नव्हतो. त्यांनी माझा हात धरला आणि उठल्या. रडल्या. मीही. पुस्तक मिटलं त्यांनी, मी नाही. मग नाक पुसून म्हणाल्या, "बरं, मी आता बसू कुठं? घरी पाठवायचा विचार असेल तर चांगलं तोंड बघून ठेव, उद्या पुन्हा येईन."

त्याचा विचार मी केलेलाच नव्हता. पण त्यांनी हे विचारलं आणि मला त्यांचंच वाक्य आठवलं. कान शाबूत आहेत माझे.

गुरुवार, ११ एप्रिल

गटात सांगितलं. खानावळवालीनं टाळी दिली; तिच्या जावेशीही बोलणं झालंय, सध्या दोघी एकमेकींशी फक्त मिठाच्या प्रमाणाबद्दल बोलतात, पण बोलतात. वकिलाला मी म्हटलं, तुझ्या प्रश्नानं झालं सगळं. तो लाजला. मोठा माणूस लाजताना बघायला फार छान वाटतं. कोचबाईंना मी बरंच काही बोलायचं ठरवलं होतं, की तुम्ही काहीही न सांगता आम्हाला कुठून कुठं आणलंत वगैरे. त्यांनी पुरं होऊ दिलं नाही. "मी काय केलं? खुर्च्या मांडल्या."

आज एक नवी मुलगी आली होती. पाळणाघरांची संस्था तिच्या हातात आलीय आणि तिची जुनी मुख्याध्यापिका अजून रोज येऊन सगळ्यांना कामं सांगते. तिचं बोलणं संपायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही आधी त्यांचं म्हणणं नीट ऐकून घ्या!"

सगळ्यांनी एकदम कपांकडं बोट केलं. धुतले. मनापासून धुतले.

सोमवार, १५ एप्रिल

मोठा ग्रंथ आजपासून सुरू झाला. आत बसवाली मुलगी, खुर्ची उंच केलेली, गोळ्यांचा डबा फोडलेला. काचेअलीकडं माझ्या खुर्चीत माई. डोक्यावर माझे हेडफोन, मांडीवर धुतलेली उशी. मी यंत्र कसं चालतं ते सांगायला लागलो तर म्हणाल्या, "हे यंत्र विकत कोणी आणलं होतं?"

मुलगी वाचू लागली. पहिल्याच पानावर एका हाडाचं नाव तिनं किंचित गिळलं. मलाही ते आधी कळलं नाही. माईंनी बटण दाबलं.

"मुली, पुन्हा."

आवाज कणखर होता, जराही थरथरला नाही. मुलीनं पुन्हा वाचलं आणि पुढं गेली. मी तिथंच माईंच्या मागं उभा राहून ऐकत होतो. त्यांनी एक कान मोकळा करून वळून बघितलं.

"तू काय उभा इथं? तुझी खोली तिकडं आहे. जाताना दार लोटून घे, फोनचा आवाज येतो."

गेलो. घोंगडी उचलून बाहेर ठेवली, टेबल पुसलं, बसलो. माईंची खुर्ची मला फार खोल पडली, हनुवटी टेबलाला लागते की काय असं झालं. कोणा सुताराला न बोलावता मीच ती उंच करून घेतली.